एकशेतीनच्या जरा पुढे

ओस्लोची मोठी केंद्रं एफएम सोडून गेली त्या हिवाळ्यापासून
गुनवोरच्या ओट्यावरचा रेडिओ
अठ्ठ्याऐंशी ते शंभर नुसता चरचरतो,
तापल्या तेलात ओला मासा सोडावा तसा.

मुलीने नवा पाठवलाय, डिजिटल.
तो अजून खोक्यात. खोक्यावर मांजर.

काटा पार उजवीकडे, एकशेतीनच्या जरा पुढे
बोटाने दाबून धरला तर
मासळीच्या गोदामावरच्या खोलीतून टॉर्लाइफ बोलतो :
आज बोट नाही. वारा.
धक्क्यावर एक डावा हातमोजा सापडलाय, लोकरी.
आणि मग बिंगो.
बी सात. बी... सात.

मधला खोकला ती ओळखते.
एकेचाळीस वर्षांपूर्वी, नाचघराच्या मागे
असंच खोकून त्याने काही विचारलं होतं.
ती म्हणाली होती, बघू.

आज तिची ओळ भरली.
आता फोन करायचा,
अख्ख्या खाडीला ऐकू जाईल असं
स्वतःचं नाव सांगायचं.

ती काट्यावरून बोट काढते.
चरचर.
पुन्हा ठेवते.

‘कुणी आहे का?’ टॉर्लाइफ विचारतो,
आणि पुढची सोंगटी काढायला
बराच वेळ लावतो.