न घेतलेलं

घणसोलीत, माथाडींच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
दोन दारं समोरासमोर.
मधे चार फरशा. पायपुसणं माझं, कुंडी शमीमची.

रात्री भांडी पालथी घातली की
आम्ही दोघी उंबऱ्यावर बसायचो,
ती तिच्या, मी माझ्या,
आणि सांगायचो, आज काय घेतलं नाही.

'मी रिक्षा घेतली नाही. स्टेशनपासून चालत आले.'
'मी पनीर हातात घेतलं, मागची किंमत वाचली, परत ठेवलं.'
'हातात घेतलंस? अर्धे मार्क कापले.'
कुणी जिना चढत आलं तर पाय आखडून घ्यायचो,
तो गेला की पुन्हा पसरायचो.

माझं कर्ज गोणीखालून आलं.
तुर्भ्याच्या बाजारात, कांद्याच्या गाळ्यावर
ह्यांचा मणका सरकला त्या साली.
आधी पतपेढी, मग माझ्या पाटल्या,
मग घराचे कागद बँकेत.
शमीमचं तिच्या दिराने आणलं.
टेम्पो त्याचा, सही मुजावरांची,
आणि दीर आता कुठे आहे
ते टेम्पोलाही ठाऊक नाही.

हप्ता पाच तारखेचा.
आमचा महिना सहा तारखेला सुरू व्हायचा.

अकरा वर्षांत बरंच कळलं.
टूथपेस्टची ट्यूब कापली की आत अजून चार दिवस असतात.
कुकरचं रबर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं
की सकाळी तासभर तरुण होतं.
शिट्टी मात्र गेली ती गेलीच.
मी डाळ घड्याळावर शिजवली.

एकदा हरले.
दिवाळीच्या आधी, वाशीला, साडीच्या दुकानात,
अठराशे.
त्या रात्री दार लोटून घेतलं.
शमीमने कडी वाजवली नाही.
सकाळी पायपुसण्यावर कागद होता,
'काल मी तुझ्या वाटचंही घेतलं नाही.'
खाली हिशोब:
चहा, चहा, पाव, चहा.

परवा बँकेचं पत्र आलं. येणे बाकी शून्य.
ह्यांनी कमरेचा पट्टा सैल केला, दोनदा वाचलं,
आणि लाइट बिलांच्या फायलीत लावून टाकलं.
मी विचारलं, देवाजवळ नाही ठेवायचं?
म्हणाले, 'अगं, हात आपोआप गेला तिकडे.'

मी कोपरखैरण्याला जाऊन कुकर घेतला.
तीन लिटरचा, जुना मोडीत देऊन.
चादरीत गुंडाळून आणला,
जिन्यात चपला हातात घेतल्या.
शमीमचे अजून चौदा हप्ते आहेत.

रात्री तिने विचारलं, 'आज?'
'आज... द्राक्षं घेतली नाहीत.'
खरंच नव्हती घेतली.
इतकं खरं बोलून इतकं खोटं वाटतं
हे मला माहीत नव्हतं.

सकाळी सातला कुकरने
सगळ्या मजल्याला सांगून टाकलं.
मी धावत गॅस बंद केला. उशीर झाला होता.
समोरची कडी निघाली.
शमीम दारात, कंगवा केसांत तसाच.
मी म्हणणार होते, जुनाच आहे, दुरुस्त केला.
तिने बोट वर केलं.
'एकच झाली. डाळ कच्ची राहील.
पेटव परत.'

दोघी ओट्याशी उभ्या राहिलो.
दुसरी.
तिसरी.
'किती किंचाळतो गं,' ती म्हणाली, 'लहान मूल आणलंयस की काय.'
मग फ्रीज उघडला, माझ्याच घरात, न विचारता,
वरच्या कप्प्यात हात घातला.
जुनं रबर तिथेच राहिलं होतं,
गारठलेलं, बांगडीसारखं.
ते मनगटात अडकवून गेली.

रात्री उंबऱ्यावर
मी काही विचारायच्या आधीच म्हणाली,
'आज मी कुकरचं रबर घेतलं नाही.
ऐंशी रुपये.'