चाळीस धरू

तेहतीस वर्षं मी माणसं मोजली.
विटा डेपो, सकाळची सहा वीसची सांगली.
दारातून एकदा नजर फिरवली की सांगायचो:
बसलेली चव्वेचाळीस, उभी एकोणीस, एक कोंबडी.
वे-बिल कधी चुकलं नाही.

म्हणून मिरजेच्या या दवाखान्यात
एक्स-रेच्या दाराशेजारी, वळणावर,
जिथं मशीन मावेल एवढी भिंत मोकळी आहे,
तिच्यासमोरच्या बाकावर तीन दिवस बसलो.
वही, पेन, सुलोचनानं दिलेला डबा.
वॉचमन इनामदार दोनदा विचारून गेला,
"मामा, पेशंट कोण?"
म्हटलं, मशीन. अजून ॲडमिट व्हायचंय.

विकणारा कुपवाडचा. म्हणतो,
दिवसाला शंभर नग कुठं गेलेच नाहीत.
मशीन सेकंडहँड, एक लाख पंधरा हजार.
काचेवर कॉलेजच्या पोरांनी कोरलेला बदाम
घासून जात नाही, त्याचे दोन हजार आधीच कमी केलेत.

पहिल्या दिवशी सहाशे बारा माणसं गेली.
थांबली एकशे चाळीस.
निम्म्यांच्या पिशवीत घरची बाटली.
आमच्याकडची माणसं
ऑपरेशनलासुद्धा भाकरी बांधून येतात.
चाळीस धरू.

नगाला सरासरी पाच सुटतात.
पाण्यात आठ, बिस्किटात एक रुपया चाळीस,
बाकीचं मधेअधे.
महिन्याचे सहा हजार.
जागेचं भाडं तीन हजार.
गार ठेवायची वीज दीड.
तारीख उलटलेला माल, स्प्रिंगमध्ये अडकलेला पुडा,
आणि अडकला की काचेला बसणारी लाथ: पाचशे.
सांगलीहून रोजची स्कूटर, चारशे.
राहिले सहाशे.

एक लाख पंधरा हजार भागिले सहाशे.
सोळा वर्षं.
आठ-दहा दिवस इकडंतिकडं.
मला आता अठ्ठावन्न.

मग नुसतं बघावं म्हणून खालच्या ओळीत
चाळीसच्या जागी पंचावन्न घातले.
तीन वर्षं चार महिने!
म्हणजे सगळा धंदा त्या पंधरा माणसांत.
ती कुठून आणायची?

दुसऱ्या दिवशी हाडांचे डॉक्टर दीड तास उशिरा आले.
बाक भरले, पोरं रडायला लागली,
एक बाई पाणी आणायला उठल्या
आणि नंबर जाईल म्हणून परत बसल्या.
मी भराभरा रेघा मारत होतो.
डॉक्टर जिन्यावर दिसले तेव्हा
मला वाईट वाटलं.
हे सुलोचनाला सांगितलेलं नाही.
गाडी लेट झाली की पॅसेंजर मला शिव्या द्यायचे,
तेव्हाही मी त्यांच्याच बाजूचा असायचो.

"रात्रीचंबी मोजा," ती म्हणाली होती,
"रात्री दुकानं बंद असत्यात."
तिसऱ्या रात्री, दोन चाळीसला,
आयसीयूच्या बाजूनं एक पोरगा आला.
नऊ-दहाचा, पायात बापाची चप्पल.
त्या मोकळ्या भिंतीपुढं जरा उभा राहिला.
मग माझ्याकडं वळला,
"हितं खायला काय मिळतंय का?"
पिशवीत नमुन्याचे पुडे होते, एक काढला.
त्यानं दहाचं नाणं पुढं केलं,
जे आमच्या मंडईत कुणी घेत नाही.
नको म्हणणार होतो.
पण तो फुकट चढणाऱ्यांतला नव्हता,
तसे चेहरे मला कळतात.
नाणं घेतलं,
आणि हात आपोआप काखेकडं गेला,
तिकीट द्यायला.

सकाळी ती म्हणाली, "मग किती धरायचं?"
मी चाळीसवर काट मारली.
एक्केचाळीस.
पुन्हा भागलं. बारा वर्षं नऊ महिने.
एका पोराच्या भुकेनं तीन वर्षं कमी झाली.
त्याच्या पुड्यात सुटतो खरं तर एक रुपया चाळीस,
मी सरासरीनं पाच धरलेत.

वे-बिलात असं कधी केलं नव्हतं.