जुना डेटा

वारखंडला रात्रीचे साडेअकरा.
उतरता उतरता विमान पुन्हा हवेतच आपटतं
न दिसणाऱ्या टेकडीवर.

एकेक अ‍ॅड-ऑन बंद करत आलो:
ढग, दिवे, मग अख्खं टर्मिनल.
नेव्हिगेशन डेटा निघाला दोन हजार एकोणीसचा,
त्याला मोपाची धावपट्टी ठाऊकच नाही.
पडद्यावर नुसतं पठार.
पिवळं गवत, कातळ.

पप्पा पाणी प्यायला उठले होते, थबकले.
डोळ्यांवर चष्मा नाही, तरी खुर्चीला रेलून म्हणाले,
"हळू घे रे. त्या काजींच्या पलीकडे
आमची झर."

काजी कसल्या, हिरवे ठिपके ते.
मी चाकं वर घेतली,
इंधन अमर्याद केलं.
नवा डेटा एकसष्ट टक्क्यांवर अडवून ठेवलाय.

पप्पांच्या हातात तांब्या, तसाच भरलेला.