ओठापर्यंत

साडेनऊला मर्झबानकाका येतील गाडी न्यायला.
छप्पन्न सालची फियाट, रंग पिस्त्याचा,
क्रोम असा की अख्खा प्रतापनगर नाका त्यात वाकडा दिसतो.
नटूने बॉनेटवर कुंकवाचा साथिया काढलाय.
पारशाच्या गाडीवर चालतो का, विचारलं नाही त्याने.
मीही नाही पुसला.

मी खाली, चाकांच्या फळीवर पाठ टेकून,
मागच्या एक्सलच्या गोळ्यासमोर,
जिथे गिऱ्हाईक कधी बघत नाही.

चारी घोड्या एका उंचीच्या.
गाडी कलती असली तर तेल खोटं बोलतं.
भरायचं बूच आधी उघडायचं, सोडायचं नंतर,
नाहीतर तेल सांडून बसाल
आणि वरचं बूच जागचं हलायचं नाही :
हे बाबांचं वाक्य, अर्धं मराठी, अर्धं गुजराती,
मधली शिवी मी गाळलीय.

मग करंगळी.
भोकात घालायची, पेरात वाकवायची, खाली.
तेल खालच्या ओठाला टेकलेलं पाहिजे.
वर नको. वर गेलं तर सील ओलांडून ड्रमात उतरतं
आणि ब्रेक दाबल्यावर गाडी विचार करत बसते.
खाली नको. खाली गेलं तर

खाली गेलं तर काय होतं ते मला माहीत आहे.

नडियादच्या मजमुदार डॉक्टरांची मॉरिस.
डिलिव्हरीच्या कागदावर तेरा चौकोन,
मी तेरा खुणा एका दमात मारल्या,
पेन न उचलता, कच्च्या टाक्यांसारख्या.
मला वाटलं नटूने भरलं. नटूला वाटलं मी.
गोळा कोरडा होता. धुऊन, पुसून, रंगवून कोरडा.
वासदच्या अलीकडे तो रडायला लागला.
डॉक्टरांना वाटलं, जुनी गाडी, आवाज करणारच.
त्यांनी रेडिओ मोठा केला.

ट्रकवर घालून आणली, तेव्हा
क्राउनचे दात निळे पडले होते.
डॉक्टर भांडले नाहीत. स्टुलावर बसून चहा प्याले,
मग विचारलं, "बेन, तेरांपैकी हे कितवं होतं?"

नववं.

करंगळी आत. गार, जाड.
नव्वद नंबरचं तेल, नासक्या लसणाचा वास,
साबणाला न जुमानता रात्रीच्या भाकरीपर्यंत येणारा.
टेकलंय? की हे बोटाला मघाचंच?
पुसते. परत घालते.
कमी आहे. पाव पेर.
दुसरं कोणी म्हणेल, चालशे.

"नटू, पिचकारी."
"बेन, काका आवी गया."
"येऊ दे."

वर काका दार उघडतात, लावतात,
परत उघडतात, परत लावतात. आवाज ऐकतायत.
मी पिचकारी दाबते, हळू,
गोळा एक उसासा सोडतो,
मग एक थेंब, लांबट, ओठावरून
माझ्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याखाली.

दुसरा येतो का, वाट पाहते.
येतो.

बूच आवळते. कागद मागते.
नवव्या चौकोनात मी हल्ली खूण करत नाही,
करंगळी टेकवते.
कागद तिथे पारदर्शक होतो,
पाठीमागचं बिल दिसतं.