त्रेसष्ट

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, मासळीच्या ऑफिसात
बेरिलबाईंचा संगणक. एसएसडी नवी,
आत जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल.
पावती निघेपर्यंत चहा निवतो.
"नवा पण सुस्त," त्या म्हणाल्या, "आमच्या जावयासारखा."

काळ्या पडद्यावर पार्टिशनचा आरंभ वाचला:
सेक्टर त्रेसष्ट.
छत्तीसचे आकडे एकमेकांकडे पाठ फिरवतात,
त्रेसष्टचे समोरासमोर बसतात, शाळेत ऐकलेलं.
इथे मात्र याच गुण्यागोविंदाच्या जोडीपायी
अख्खं घर तिरकं.

चिपची पानं आठ-आठ सेक्टरांची.
मजकूर एका पानाचा, बूड दोन पानांवर,
म्हणून दोन्ही वाचा, दोन्ही पुन्हा लिहा,
दर वेळी.
खाली धक्क्यावर क्लिफने हॅडॉकची पेटी
दोन पॅलेटच्या मधोमध टेकवली होती
आणि फोर्कलिफ्टवाला त्याचा उद्धार करत होता.
मी खिडकीतून बोट दाखवलं: हे असं.
"मग सरकव की!"

बॅकअप घेतला. उघडून पाहिला. पुन्हा पाहिला.
खरं तर एक सेक्टर पुढे, चौसष्टवर, भागलं असतं;
मी नेलं दोन हजार अठ्ठेचाळीसवर, हल्लीचा रिवाज.
पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती
तेवढा वेळ मी खुर्ची टाकून बसलो
थेट प्लगपाशी, राखणीला.

पावती आली. बेरिलबाईंची जीभ भाजली.

कामाच्या कागदावर जुना आकडा नोंदवायचा होता.
हात आपसूक देवनागरीत गेला: ६३.
दोघे अजून एकमेकांकडे बघत होते.
काट मारायची राहिली.