नग

मडगावच्या संग्रहालयाला दान आलं:
शिसवी मचिला, कडांना हस्तिदंताची वेलबुट्टी,
आतली मखमल वाळवीनं अर्धी खाल्लेली.
सोबत घराण्याची यादी, सतराशे नव्वदची,
पोर्तुगीज, किरट्या अक्षरात.

बिलोरी आरसा, एक नग.
दुभती म्हैस, एक नग.
इनास, काफ्री, वय अंदाजे अकरा,
डाव्या खांद्यावर डाग, एक नग.
चांदीचे चमचे, बारा.

मराठी फलक माझ्याकडे. मर्यादा चाळीस शब्द.
दात्यांच्या सूनबाईंचा निरोप आला, फार अदबीनं:
'गुलाम' नको, बोचतं जरा.
'घरगडी' चालेल. 'आश्रित' तर उत्तम.
शेवटी आमच्याच घरी जेवला ना तो.

दास लिहावं, तर अभंगाचा बुक्का लागतो बोटांना.
चाकर लिहावं, तर पगार आठवतो.
पोर लिहिलं, की कुणाचं ते सांगावं लागतं.
आणि नग?
आमच्यात खोडकर मुलाला म्हणतात तसं.
काय नग आहे मेला!
मोझांबिकच्या किनाऱ्यावर कुणी बाई
तिच्या बोलीत, हसू दाबत,
असंच काही म्हणाली असेल त्याला
एखाद्या संध्याकाळी.

झिलू वेळीप धूळ पुसतो.
दांड्याच्या टोकांशी, जिथं लाकूड घामानं काळं पडलंय,
त्याचं फडकं थांबतं.
"भितर बसपी कोण तें बरयलां. आनी उखलपी खंय?"

मी यादी वाचून दाखवली.
त्याला काडीचं नवल नाही.
"हो आमचो खापरी," म्हणाला.
त्याच्या गावात, केपेकडे, बांधाच्या वळणावर
चिंचेखाली एक दगड आहे.
अमावास्येला तिथं रोट ठेवतात, वर एक विडी.
रात्री तो साखळी ओढत हिंडतो,
पण वाट चुकलेल्याला घराच्या पायरीपर्यंत आणून सोडतो.
नाव काय त्याचं, मी विचारलं.
"खापऱ्याक नांव खंय आसता?"

म्हणजे नाव आमच्या कपाटात,
आणि भाकरी त्यांच्या दगडापाशी.
सव्वादोनशे वर्षं.

मी फलक 'इनास'पासून सुरू केला.
चाळीस शब्दांत हस्तिदंत काही बसला नाही.
मंजुरी अजून यायचीय; सूनबाई दोनदा फोन करून गेल्या.

दालनात खाद्यपदार्थ आणि धूम्रपान सक्त मना आहे.
तरी परवा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी
मचिल्याच्या पुढच्या दांड्याखाली विडी होती, न पेटवलेली.
मी ती उचलली नाही.
नोंदवही उघडली,
नगांच्या रकान्यापर्यंत पेन नेलं,
आणि मिटली.