जखमी क्रमांक चार

पाच वाजायला दहा कमी असताना
आमच्या खोलीत फोन थरथरतो, तिच्या उशीखाली,
माझी झोप मोडू नये म्हणून.
माझी झोप मोडतेच.
मी डोळे मिटून ऐकत राहते :
बुटांच्या नाड्या, जाकिटाची अडकलेली चेन,
आणि फिनिश भाषेतली एकच शिवी,
पणजोबांकडून आलेली.
बाकीची भाषा त्यांच्या घरात कधीच सांडून गेली.

आयली कांगास. वनशास्त्र, दुसरं वर्ष.
बाहेर सुपीरियर सरोवरावरून वारा सुटलेला,
रस्त्याकडेला बर्फाची भिंत खांद्याला लागेल एवढी,
आणि यांना पळायचंय थेट जुन्या बंदरापर्यंत,
कमरेला चमकता पिवळा पट्टा बांधून,
म्हणजे बर्फ उपसणाऱ्या गाडीवाल्याला
उद्याचे लेफ्टनंट आजच दिसावेत.

सप्टेंबरात तिने सही केली.
फी माफ, पुस्तकांचे पैसे, महिन्याचा खर्च,
आणि त्याच्या बदल्यात आठ वर्षं,
जी अजून कुणीच पाहिलेली नाहीत.
मी साक्षीला नव्हते, पण पेन माझं होतं.
लाकडाचा ट्रक चालवणाऱ्या तिच्या वडिलांनी
फोनवर एवढंच विचारलं,
'बूट तरी बरे देतात का?'

मंगळवारी ती गणवेशात वर्गात बसते.
सर झाडाच्या खोडातली वर्तुळं समजावतात,
कोरड्या वर्षाचं वर्तुळ कसं अंग चोरून घेतं ते.
ती वर्तुळं काढते, शेजारी लिहिते :
पाणी. पहारा. कोरडे मोजे.
मागच्या बाकावरचा एक जण विचारतो,
'तू खरंच कुणाला मारशील?'
शनिवारी पार्टीला येशील का, अशा आवाजात.
ती मागे न बघता म्हणते,
'आधी मला नकाशा धड वाचता येऊ दे.'

फेब्रुवारीत त्यांना जखमी कमी पडले.
सार्जंट ट्रॉम्बलींनी संगीत विभागात कागद चिकटवला :
दोन तास पडून राहणे, गरम पेस्टी फुकट.
आम्ही सहा जण गेलो. भूक होती.
माझ्या पोटावर त्यांनी लाल पाक ओतला,
गळ्यात पुठ्ठा अडकवला :
क्रमांक चार. पोटात जखम. शुद्धीवर.
मोठ्याने मदत मागत राहा.

मी मागत राहिले.
क्लॅरिनेट वाजवणारीची फुप्फुसं, पाइनच्या रांगांतून
आवाज लांबवर गेला.
मग ती आली, चार जणांच्या पुढे,
गुडघ्यावर बसली,
पुठ्ठा वाचला, घड्याळ बघितलं.
मी म्हटलं, 'आयली.'
ते पुठ्ठ्यावर नव्हतं.
दोन सुरांच्या मध्ये आम्ही श्वास घेतो ना,
तेवढीच ती थांबली.
मग मार्करने माझ्या कपाळावर काहीतरी लिहिलं
आणि उठून गेली क्रमांक दोनकडे,
जो अजिबात ओरडत नव्हता.

गप्प पडलेल्याकडे आधी जायचं असतं,
हे मला पेस्टी खाताना कळलं.
सार्जंट वहीत बरोबरची खूण करत होते.
क्रमांक दोन माझ्यासमोरच बसला होता,
ढेकर देत, सॉस मागत.

रात्री कपाळ साबणाने निघेना.
ती कापूस आणि बेबी ऑइल घेऊन आली,
माझी हनुवटी धरली, दिव्याकडे वळवली.
बराच वेळ पुसत होती,
पुसून झाल्यावरही.
तिच्या नखांत लाल पाक वाळलेला.
ती काही बोलली नाही.
मीही मदत मागितली नाही.

पाच वाजायला दहा कमी. फोन थरथरला.
या खेपेला मी डोळे उघडे ठेवले.
ती अंधारात नाडी आवळत होती, एक पाय खुर्चीवर.
'झोप,' ती म्हणाली, हुकूम सोडावा तशी.
दारापर्यंत गेली.
परत म्हणाली, 'झोप,'
जरा हळू,
आणि पुढे माझं नाव.